बेलियाल, मोकाट आणि वाया गेलेले

हिब्रू बायबलात 'बेलियाल' हा शब्द 27 ठिकाणी आला आहे. दुष्ट, नीच, अधम, हलकट यांपैकी कोणताही मराठी शब्द त्याच्या जागी बसवला तरी वाक्य अडत नाही. तरीही गेली काही वर्षे हा शब्द माझ्या मागे लागला आहे. मराठीच्या प्राध्यापिकेने हिब्रूच्या वाटेला का जावे, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडतो, आणि तो रास्त आहे. मला हिब्रू येते ते कोश हाताशी ठेवून अक्षरे लावण्यापुरतेच. पण भिगवणहून पुण्याकडे निघालेली पॅसेंजर दौंड, पाटस मागे टाकून केडगावला थांबते, आणि त्या स्टेशनाजवळच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आमच्या भागातल्या मराठीच्या अभ्यासकाला हिब्रू इतक्या जवळ आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

रमाबाईंनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणले. दीड दशकाहून अधिक काळ हे काम चालले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून तो ग्रंथ छापला. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ पूर्ण रूपात 1924 साली बाहेर आला. एकट्या स्त्रीने सबंध बायबल मूळ भाषांतून उतरवल्याची उदाहरणे जगातही फार थोडी आहेत. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथ यांचे 1876 चे भाषांतर हे त्यांतले एक. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र रमाबाईंच्या ह्या कामाला बहुधा एक वाक्य मिळते, आणि तेही 'धर्मप्रसारपर वाङ्मय' ह्या मथळ्याखाली. 'स्त्रीधर्मनीति'वर आपण प्रश्न काढतो, ह्या ग्रंथावर काढत नाही. असो.

एम.ए.च्या भाषांतराच्या तासाला मी रमाबाईंचे उदाहरण घेते. त्याचे कारण असे की भाषांतरकाराचे खरे हाल कुठे होतात ते इथे उघड दिसते. हजारो संस्कृत श्लोक तोंडपाठ असलेली, कलकत्त्याच्या पंडितसभेने 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. आणि तिला मराठी लिहायची होती ती नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या, दुष्काळातून वाचून आलेल्या बायकांसाठी. संस्कृताचे भांडार हाताशी असून त्यातला शब्द उचलताना तिला दहादा विचार करावा लागत असणार, कारण संस्कृत शब्द एकटा येत नाही, आपला सगळा गोतावळा घेऊन येतो. हिंदू तत्त्वज्ञानाची छाया असलेले शब्द टाळण्याकडे रमाबाईंचा कल होता, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही गोष्ट मोक्ष, अवतार, माया अशा शब्दांबाबत चटकन पटते. दुष्टपणाच्या शब्दांबाबत मात्र आपण तसा विचार करत नाही. दुष्ट तो दुष्टच, त्यात तत्त्वज्ञान कुठले, असे आपल्याला वाटते.

माझ्याही मनात तो विचार आला तो एका विद्यार्थिनीमुळे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्नेची गोष्ट आम्ही पाहत होतो. हन्ना निपुत्रिक आहे. शिलो येथल्या मंदिरात ती प्रार्थना करते, पण आवाज फुटत नाही, नुसते ओठ हलतात. दाराशी बसलेला एली हा म्हातारा याजक तिला पाहतो आणि ही प्यालेली आहे असे समजून दरडावतो. त्यावर ती त्याला सांगते की मी मन मोकळे करत होते, आपल्या दासीला 'बेलियालाची लेक' समजू नका. वर्गात मी विचारले, इथे मराठीत काय घालाल? मागच्या बाकावरून कुणी 'नीच' म्हणाले, कुणी 'अधम'. तेव्हा ही मुलगी म्हणाली, "मॅडम, नीच मी लिहिणार नाही. माझ्या आजीला लोक नीच म्हणायचे, पण ती दुष्ट होती म्हणून नाही."

वर्ग गप्प झाला. ती मुलगी मात्र पुढचे वाक्य लिहायला लागलीसुद्धा.

तिचे म्हणणे भाषाशास्त्राच्या अंगानेही तंतोतंत खरे आहे. आपले निंदेचे शब्द पाहावेत. 'नीच' म्हणजे खालचा. 'अधम' म्हणजे सर्वांत खालचा. उत्तम, मध्यम, अधम ही त्याची शिडी. 'हलकट' हलक्यातून आला. 'खालच्या थराला जाणे' हा तर रोजचा वाक्प्रचार. दुष्टपणा मोजायला आपण उंचीची पट्टी घेतली आहे, आणि ती पट्टी आधीपासून दुसऱ्याच कामासाठी वापरात होती. माणूस जन्माने खाली आणि वागण्याने खाली, ह्या दोन्ही गोष्टींना एकच शब्द असल्यावर त्यांतला भेद बोलणाऱ्याच्या जिभेवर सोडून द्यावा लागतो. संतांनी स्वतःला पतित, अधम म्हणवून घेतले तेव्हा त्यांनी ह्याच शब्दांना आतून उलटे केले, हे आपण शिकवतो. पण स्वतःला अधम म्हणणे वेगळे आणि दाराशी बसलेल्या याजकाने म्हणणे वेगळे. हन्नेची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे.

गंमत अशी की हिब्रूत 'शाफाल' म्हणजे खालचा हा शब्द आहे, पण त्याची वाट वेगळी. यशयाच्या 57 व्या अध्यायात उंचावर राहणारा देव ज्यांच्यापाशी वस्ती करतो असे म्हटले आहे, ते मनाने 'खालचे' लोकच आहेत. तिथे खालचेपण नम्रतेच्या जवळ जाते. म्हणून 'बेलियाल'ला 'नीच' हा प्रतिशब्द दिला की अर्थ बिनबोभाट पोहोचतो खरा, पण मुळात नसलेली शिडीही सोबत पोहोचते. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी सांगितले आहे की निरनिराळ्या शास्त्रग्रंथांत इतर बाबतींत मतभेद असले, तरी स्त्रिया मुळातच वाईट ह्याबाबत त्या सर्वांचे एकमत आढळले. ज्या बाईने हे वाचून पाठ केले होते तिच्यासमोर हन्नेचे वाक्य आले असेल, तेव्हा ते तिने नुसत्या कोशाच्या आधाराने वाचले असेल असे मला वाटत नाही.

मग बेलियाल म्हणजे काय? दोन हजार वर्षे विद्वान ह्याचे उत्तर देत आले आहेत आणि उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. सर्वांत प्रचलित फोड अशी: 'बेली' म्हणजे विना आणि 'याअल' म्हणजे उपयोग, लाभ. बेलियाल म्हणजे निरुपयोगी, ज्याचे काही झाले नाही असा. ही फोड वाचताना मला मराठी शब्द शोधावा लागला नाही. 'वाया गेलेला' हा शब्द आमच्या घरात माझ्या मधल्या काकांचे दुसरे नावच होते.

'वायां' हा शब्द ज्ञानेश्वरीच्या काळापासून व्यर्थ ह्या अर्थाने मराठीत आहे. माणूस 'वाया जातो' हा त्याचा घरगुती विस्तार. आमची जमीन भीमेच्या काठी होती. उजनीचे धरण 1980 साली पूर्ण झाले आणि पाणी भिगवणच्या पलीकडे मागे सरकत आले, त्यात ती गेली. जमीन गेल्यावर बैलजोडी ठेवून करायचे काय, म्हणून ती विकली. तात्या, म्हणजे हे काका, तेव्हा विशीत होते. बैलांमागे चालण्यापलीकडे त्यांना दुसरे काम आले नाही आणि शिकवलेही गेले नाही. मोबदल्याचे पैसे कसे आले नि कसे गेले ह्याची आमच्या घरात तीन निरनिराळी वर्णने आहेत. तात्या दिवसभर पाण्याच्या काठाला बसत, संध्याकाळी कधी पिऊन येत, कधी तसेच येत. आजी म्हणायची, "ह्यो वाया गेला बघ." त्यात राग कमी आणि हिशेब जास्त असे. पेरलेले उगवले नाही, असा काहीसा सूर. वाईट चालीचा माणूस आणि कामी न आलेला माणूस ह्यांत मराठी फरक करत नाही, आणि हिब्रूही करत नाही. ज्या समाजांत माणूस म्हणजे आधी कामाचे दोन हात, तिथे नीतीचा शब्द धान्याच्या कोठारातून आला तर नवल नाही.

दुसरी फोड तल्मुदाची आहे. सन्हेद्रिन ह्या भागात 'बेलियालाचे पुत्र' ह्याचा अर्थ दिला आहे तो असा की ज्यांनी स्वर्गाचे जू मानेवरून झुगारून दिले ते. 'बेली ओल', विना जू. लॅटिन बायबल करणाऱ्या जेरोमनेही शास्ते ह्या पुस्तकात ह्या शब्दाला हीच पुस्ती जोडली आहे. व्याकरणाचे जाणकार ही फोड ओढून आणलेली मानतात, आणि त्यांचे खरे असेल. पण लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी लोक खरे असतात. जू, शिवळा, सापती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी 'मोकाट' हा शब्द तयारच आहे. मोकाट गुरे, मोकाट पोरे. दावे तुटलेले जनावर आणि धाक सुटलेला माणूस ह्यांना आपण एकाच शब्दात बांधतो.

इथे कोकणातल्या बेने इस्राएलांची आठवण येणे अपरिहार्य आहे. मराठी ही ज्यांची मातृभाषा आणि हिब्रू ही ज्यांची धर्मभाषा, असे हे आपले लोक. तेलाच्या घाण्यावर पोट असलेल्या ह्या समाजाला शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. परंपरा सांगते की शतकानुशतके बाहेरच्या यहुद्यांशी संबंध तुटला, पुष्कळसे विधी विस्मरणात गेले, पण 'शमा' ही प्रार्थना त्यांच्या मुखी टिकून राहिली. रब्बींच्या परिभाषेत शमा म्हणणे म्हणजे 'स्वर्गाच्या राज्याचे जू' मानेवर घेणे. घाण्याच्या बैलाचे जू ज्या दिवशी उतरते, त्या दिवशी मालकाने आपले जू आठवायचे, अशी ही व्यवस्था. 1832 साली मुंबईत जॉन विल्सन यांनी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले, आणि 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. म्हणजे हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी छापण्याची रीत रमाबाईंच्या आधीपासून इथे होती. भाषांतराच्या अभ्यासक्रमांत ह्यातले काही का येत नाही, हा प्रश्न अभ्यासमंडळांना कुणीतरी विचारायला हवा.

जुवाच्या ह्या अर्थाशी माझे एक भांडण आहे. तात्यांच्या मानेवरचे जू त्यांनी झुगारले नव्हते. ते विकले गेले होते. जू नसलेला प्रत्येक जण बंडखोर नसतो. बायबलातही हा शब्द कोण कुणाला लावतो हे पाहिले की मौज वाटते. शिमी हा सामान्य माणूस दावीद राजावर दगड फेकत त्याला बेलियालाचा माणूस म्हणतो. नाबालाची बायको अबीगईल आपल्याच नवऱ्याला तसे म्हणते. एली हन्नेला तसे समजतो, आणि पुढच्याच अध्यायात निवेदक एलीच्याच दोन मुलांना, यज्ञाचे मांस काट्याने ओढून नेणाऱ्या त्या याजकपुत्रांना, बेलियालाचे पुत्र ठरवतो. हा कथनाचा डाव फार बारीक आहे. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला परकी बाई ओळखू आली नाही, आणि घरातले ओळखू येऊनही आवरले नाहीत. प्रत्येक ठिकाणी 'अधम' असा साचेबंद शब्द घातला तर हा धागा टिकतो. प्रसंगाप्रमाणे निरनिराळे शब्द घातले तर मराठी सुंदर होते आणि धागा तुटतो. भाषांतराच्या तासाला ह्याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

तिसरी फोड अशी: 'बेली याअले', जिथून कुणी वर येत नाही. स्तोत्रसंहितेच्या अठराव्या स्तोत्रात, आणि तेच काव्य शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आले आहे तिथेही, मृत्यूच्या लाटा, अधोलोकाचे पाश आणि बेलियालाचे लोंढे हे एका रांगेत येतात. तिथे दुष्ट माणसाचा संबंध दिसत नाही. तिथे पाणी आहे. काही अभ्यासक ह्याच ठिकाणावरून म्हणतात की मूळ अर्थ मृतांच्या जगाचा असावा, तर काही 'बाला', म्हणजे गिळणे, ह्या धातूकडे बोट दाखवतात. बेलियाल म्हणजे गिळणारा.

आमच्याकडे पाण्याने गावे गिळली हे वाक्य कुणी अलंकार म्हणून बोलत नाही. आता भिगवणला हिवाळ्यात पुण्यामुंबईची मंडळी रोहित पक्षी पाहायला येतात, कुंभारगावच्या होड्या भाड्याने घेतात, मासळीवर ताव मारतात. त्यांचे काही चुकत नाही. पक्षी खरोखर देखणे आहेत आणि होडीवाल्यांच्या चुली त्यावर पेटतात. पण होडीखाली शेते आहेत. पाणी फार खाली जाते त्या उन्हाळ्यांत पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. अशाच एका उन्हाळ्यात तात्यांनी मला उघड्या पडलेल्या गाळावर नेऊन आमची विहीर कुठे होती ते दाखवले होते. काठी रोवून त्यांनी बांध मोजले, चिंचेचे झाड कुठे होते ते सांगितले. विहीर दिसली नाही. त्या दिवशी ते प्यायले नव्हते, आणि त्यांची एवढी वाक्ये मी पूर्वी सलग ऐकली नव्हती.

शब्दाची खरी उत्पत्ती ह्या तिहींतली कोणती, ह्याचा निकाल लागलेला नाही आणि माझ्याच्याने तो लागायचा नाही. पण एक जागा अशी आहे की जिथे ह्या वादाविना अर्थ कळतो, आणि माझ्या मते ती ह्या 27 जागांतली सर्वांत मोठी आहे. अनुवाद ह्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफीचा नियम आहे. नियम देणाऱ्याला माणूस ठाऊक होता. तो पुढे बजावतो की सातवे वर्ष जवळ आले, आता दिलेले परत येणार नाही, असा विचार मनात आणून गरीब भावाला रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस. ह्या विचाराला त्याने लावलेला शब्द आहे बेलियाल. इथे कुणी पिऊन दंगा केला नाही, खोटी साक्ष दिली नाही. एक माणूस घरात बसून तारखा मोजतो आहे, बस्स. रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांनी दाखवून दिले की मूर्तिपूजेकडे नेणाऱ्यांनाही त्याच पुस्तकात हाच शब्द लावला आहे. तेव्हा दानाकडे पाठ फिरवणारा मूर्तिपूजकासारखाच. आणि ही भीती काल्पनिक नव्हती. पुढे लोक सातव्या वर्षाआधी उसने देईनासे झाले, तेव्हा हिल्लेल यांना 'प्रोझबुल' नावाची कायद्यातली पळवाट काढावी लागली, की जिच्यामुळे कर्ज बुडत नसे आणि गरिबाला निदान ते मिळत तरी असे.

सुपे हे बाजाराचे गाव आमच्या बारामती तालुक्यात आहे. जुन्या दप्तरात तालुक्याचे नाव भीमथडी. 12 मे 1875 रोजी तिथे कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी प्रामुख्याने कर्जखते जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे शिकवतात त्यांची सुरुवात ही. 1879 चा शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा त्यातून आला. सरकारच्या लेखी दंगेखोर कोण हे ठरलेले होते. सुप्याच्या लोकांपुढे अनुवादाचा पंधरावा अध्याय नव्हता, सातवे वर्षही नव्हते. त्यांनी आपले सातवे वर्ष काड्यापेटीने आणले. ह्या प्रसंगात 'मोकाट' कोण आणि बेलियाल कोण, हे मी वर्गात विचारते तेव्हा बारामतीकडची मुले आणि व्यापाऱ्यांच्या घरातली मुले निरनिराळी उत्तरे देतात, आणि ती तशीच राहू द्यावीत असे मला वाटते.

ह्या शब्दाचे पुढे जे झाले ते मला त्याचे दैव फिरले असे वाटते. मृत समुद्राकाठच्या गुहांत 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत बेलियाल हा अंधाराच्या सैन्याचा सेनापती झालेला दिसतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो ख्रिस्ताचा प्रतिपक्ष म्हणून एकदा येतो. मिल्टनने 1667 साली त्याला गोडबोल्या, आळशी पतित देवदूत केले. इंग्रजीच्या विभागात तो तेवढाच ओळखीचा. विशेषनाम झाल्यावर शब्दाचा दरारा वाढला आणि उपयोग संपला. शिंगे असलेल्या बेलियालाला घाबरणे सोपे आहे. सातव्या वर्षाच्या तारखा मोजणारा बेलियाल आपल्या शेजारी राहतो, कधी सभासद म्हणून पतपेढीच्या बैठकीत आपल्या शेजारच्या खुर्चीवर असतो.

गेल्या वर्षी मी हन्नेचे ते एक वाक्य पुन्हा वर्गाला दिले. अट एकच, शब्द आपल्या घरातला हवा, कोशातला नको. अठरा कागद आले. पाच जणांनी 'वाया गेलेली' लिहिले. एकाने 'बिनकामाची' लिहिले आणि कंसात 'हे चुलीपाशी म्हणतात' अशी टीप दिली. मुलग्यांपैकी तिघांनी 'मोकाट' वापरला. मुलींपैकी एकीनेही वापरला नाही. विचारले तर एक म्हणाली, बाईला मोकाट म्हटले की त्याचा अर्थ निराळा होतो, मॅडम, हन्ना तसले काही नाकारत नाहीये. दुसऱ्या एका कागदावर सगळे वाक्य सुवाच्य अक्षरांत होते, आणि त्या शब्दाच्या जागी मोकळी जागा सोडून पुढे लिहिले होते, की एलीने तिला जे काही समजले ते इथे वाचावे.

त्या कागदाला गुण किती द्यावेत ह्यावर आमच्या विभागात दोन मते पडली. मी पूर्ण दिले.